पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर बंद का पडावं?

संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार.

मालवणात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, दशावताराचे बोर्ड, जत्रेची हँडबिलं, लग्नपत्रिका असली कामं. खाऱ्या हवेनं जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गंजला म्हणून नवा घेतला, विंडोज ११ वाला, आणि तिथून डोकेदुखी सुरू. सीडी ड्राइव्हच नाही, तो बाहेरून लावला तर डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा सेटअप १६ बिटचा, म्हणजे फार जुन्या विंडोजच्या काळातला निघाला आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, त्यात १६ बिटचं काही चालतच नाही! दुसरं एक इन्स्टॉल झालं पण अ‍ॅक्टिव्हेशनला अडकलं (म्हणजे आपली कॉपी खरी आहे हे कंपनीच्या सर्व्हरकडून इंटरनेटवर तपासून घेणं), तर कंपनीने तो सर्व्हरच बंद केलाय म्हणे, अपडेटचं पानही गायब. शेवटी भाच्याने व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा आभासी कॉम्प्युटर) टाकून त्यात जुनं ३२ बिटचं विंडोज बसवलं तेव्हा कुठे फायली उघडल्या. त्याही तिथेच बघायच्या, कारण जुना फॉन्ट युनिकोड (मराठी अक्षरं सगळीकडे मराठीच दिसावीत अशी पद्धत) नाही, मजकूर बाहेर कॉपी केला की 'श्री देव रामेश्वर'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं (गिऱ्हाईक हसतंय, मी रडतोय).

सर्व्हर बंद करायचा तर करा, पण आधी बिनअ‍ॅक्टिव्हेशनची कॉपी तरी द्या ना. दरमहा भाडं भरून नवं वापरणं छोट्या दुकानाला झेपत नाही. यावर तुमच्या पेपरात कुणीतरी सविस्तर लिहावं.

– एक वाचक, मालवण