विषय: तुमच्या गेम विकणाऱ्या अ‍ॅपवरच्या ‘कौल’ (गेमचं परीक्षण) विभागातले निकाल, माझा काढून टाकलेला अभिप्राय आणि परतावा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी (आणि ज्यांच्या डोक्यातून ‘कौल’ निघाला ते साहेब),

तुमच्या वरिष्ठ प्रतिनिधींशी आत्ताच बोलणं संपलं. संपलं म्हणजे त्यांनी संपवलं. पाठोपाठ मोबाइलवर संदेश आला की माझी तक्रार ‘समाधानकारकरीत्या निकाली’ निघाली आहे आणि या अनुभवाला मी पाचपैकी किती तारे देईन. तारे मागायची तुमची हौस दांडगी आहे. मिळालेले तारे जागेवर राहू द्यायची मात्र तयारी नाही.

अ‍ॅपमध्ये भाषेच्या यादीत ‘मराठी’ आहे, म्हणून मराठीत लिहिते. फोनवर सगळं हिंदीतच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. इंदूरची मराठी माणसं घरात एक आणि दारात दुसरी भाषा बोलतच मोठी होतात. तक्रार त्या हिंदीत जे बोललं गेलं त्याबद्दल आहे. तिथे येतेच.

ऑर्डरची आणि वार्षिक सदस्यत्वाची पावती सोबत जोडली आहे. गेमचं नाव इथे लिहीत नाही, ते तुमच्यासमोर आहे. तिसऱ्या प्रकरणातला तो दरवाजाही तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे, कारण तुमच्याच मदतीच्या पानावर ‘काही खेळाडूंना अडचण येऊ शकते’ असं लिहिलेलं आहे. काय अडचण ते मात्र लिहिलेलं नाही. मी लिहिते: किल्ली पिशवीत आहे, दरवाजा उघडत नाही. आधीचं सेव्ह (जपून ठेवलेला खेळ) उघडलं तर किल्लीच गायब होते. पहिल्यापासून खेळलं तर पुन्हा त्याच दरवाज्यापाशी येऊन उभं राहायचं. ३,९९९ रुपयांत तुम्ही मला एक बंद दरवाजा विकला, आणि त्यावर ‘निःसंशय घ्या’ असा हिरवा शिक्का मारला. तोही गेम बाजारात यायच्या आधीच.

गेममध्ये दोष असतात हे मला कळतं. माझं भांडण शिक्क्याशी आहे. सदस्यत्वाचे पैसे मी ‘कौल’साठी भरले. तुमची जाहिरातच तशी होती: ‘आमचे तज्ज्ञ खेळतात, मगच सांगतात. घ्या, थांबा, टाळा.’ मी सदस्य झाल्यापासून एकाही गेमला ‘टाळा’ मिळालेलं पाहिलं नाही. ‘थांबा’ पाहिलं, तेही प्रामुख्याने ज्या गेम तुमच्याकडे विक्रीलाच नाहीत त्यांना. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, बोर्डाचे पेपर तपासले. जो परीक्षक कोणालाच नापास करत नाही, त्याला आम्ही उदार म्हणत नसू. त्याने पेपर उघडलेच नाहीत असं समजत असू.

सोनीचा कॉनकॉर्ड हा गेम आठवतो? २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला, म्हणजे पुरते दोन आठवडे. सोनीने विकत घेणाऱ्या सगळ्यांचे पैसे परत केले, पुढे तो बनवणारा स्टुडिओही बंद केला. तुमच्याकडे त्याचा शिक्का त्यानंतरही हिरवाच होता. जो गेम जगात कोणाला खेळता येत नाही, तो ‘निःसंशय घ्या’. मी तेव्हा हसून सोडून दिलं होतं.

आणि आधी कौल, मग गेम, हा प्रकार किती महाग पडतो हे तुमच्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असावं. सायबरपंक २०७७ हा गेम डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा समीक्षकांच्या हाती आधी फक्त पीसीची आवृत्ती दिलेली होती. त्यांनी तिच्यावर भरभरून गुण दिले. सोनीच्या जुन्या प्लेस्टेशन ४ या यंत्रावर लोकांनी तो लावला तेव्हा चेहरे वितळत होते आणि गेम मधेच बंद पडत होता. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून उतरवला, तो परत आला थेट जून २०२१ मध्ये. पुढे तो चांगला सुधारला, ती गोष्ट वेगळी. शिकायचं एवढंच होतं की कोणत्या यंत्रावर खेळून पाहिलं ते निकालात लिहावं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स आला तेव्हा पुन्हा तेच: पहिल्या तीन दिवसांत ८० लाख प्रती खपल्या, समीक्षकही खूश, आणि पीसीवाले मात्र गेम अडखळतो म्हणून स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर) ओरडत होते. तुमच्या कौलात यंत्राचा रकाना आजही नाही. माझ्या गेमचा कौल कशावर खेळून दिला, हा माझा पहिला प्रश्न होता. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आता त्या फोनबद्दल.

प्रतिनिधींनी विचारलं, “मैम, गेम बेटे के लिए लिया था?” मी म्हटलं, नाही, माझा आहे. “जी, जी, अकाउंट आपका है. मतलब खेलता कौन है?” मी म्हटलं, मी खेळते. यावर बराच वेळ शांतता. मला वाटलं फोन कटला. मग पलीकडे कोणाशी तरी कुजबुज, आणि मग अगदी मऊ आवाजात, दवाखान्यात बोलतात तसं: “आंटीजी, ऐसा करते हैं, घर में कोई बच्चा हो तो उसको फोन दे दीजिए. वो दो मिनट में समझ जाएगा.”

मी विचारलं, त्याने काय समजायचं आहे? “वो टेक्निकल है.” मी म्हटलं, सांगा, मी ऐकते आहे. तर म्हणे दरवाजा उघडायला किल्ली लागते, ती कदाचित मला सापडली नसेल. मी सांगितलं की किल्ली पिशवीत आहे, त्याचा फोटो तक्रारीसोबत जोडलेला आहे, उघडून पाहा. फोटो उघडला गेला नाही. “आंटीजी, आप ईज़ी मोड में खेलिए ना.” दरवाजा ईज़ी मोडमध्येही दरवाजाच असतो हो! मग विचारलं, टीव्ही बंद करून चालू केला का? मग विचारलं, कंट्रोलर उलटा तर धरलेला नाही ना. हे शेवटचं थट्टेत म्हटलं असेल असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण मागे कोणीतरी हसलं, ते मला स्पष्ट ऐकू आलं. तुमचे फोन ‘गुणवत्तेसाठी’ ध्वनिमुद्रित होतात ना? मग ऐका ते. पूर्ण ऐका. बैठकीत सगळ्यांना ऐकवा.

माझा मुलगा बंगळूरला असतो आणि त्याला गेममध्ये काडीचाही रस नाही. नातवंडं अजून नाहीत. या घरात खेळणारी मी आहे, आणि मी काय खेळते त्याची यादी तुमच्या खरेदीच्या नोंदीत आहे. प्रतिनिधींनी एकदा वर सरकवून पाहिली असती तर पुरे होतं.

निकाल कसा लिहावा हे तुम्हाला शिकवायची इच्छा नव्हती, पण आता राहवत नाही. अ‍ॅस्ट्रो बॉट: इतका निखळ आनंद देणारा उड्यांचा गेम बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता, २०२४ चा सर्वोत्तम गेम ठरला तो उगाच नाही. पण लवकर संपतो, तेव्हा पूर्ण किमतीला घेताना विचार करा. बलाट्रो: एकट्या माणसाने बनवलेला पत्त्यांचा गेम, पोकरचे हात लावायचे आणि जोकर जमवायचे. गोष्ट शून्य, गणित भरपूर. घ्या, पण दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं असेल तर रात्री उघडू नका. एक्सपिडिशन ३३: आळीपाळीने वार करायचे आणि तरीही समोरचा वार ऐन क्षणी परतवायचा, ही कल्पना झकास. गोष्ट रडवते. मात्र वाटा चुकतात, कारण आतल्या भागांना कोपऱ्यात छोटा नकाशाच नाही. घ्या. सिल्कसाँग: देखणा आणि निर्दय. हरलो की पुन्हा तीच लांबची वाट तुडवा. मनगट दुखत असेल तर थांबा. आणि हो, सप्टेंबर २०२५ मध्ये तो आल्यावर पहिल्याच दुरुस्तीत बनवणाऱ्यांनी सुरुवातीचे एक-दोन शत्रू थोडे सौम्य केले. म्हणजे जगभर तक्रार करणाऱ्या सगळ्याच आंटीजी नव्हत्या.

पुण्यात बनलेला ‘राजी’सुद्धा मी खेळले. भिंतींवरची चित्रं, किल्ले, वाळवंटातले महाल पाहून जीव हरखला, आपल्याकडच्या कथा अशा कोणी मांडल्या म्हणून फार बरं वाटलं. तरी लढाई ताठर आहे आणि गोष्ट रंगात येते तिथेच संपते. म्हणून माझा निकाल: सवलत लागेपर्यंत थांबा. जवळच्यांच्या कामाबद्दल असं लिहिताना हात जड होतो. पण पैसे देणाऱ्याला खरं सांगायचं ठरवलं की लिहावं लागतं. तुम्ही तर पैसे घेता त्याचे.

तुम्ही मला विकलेल्या त्या गेमबद्दल अ‍ॅपवर मी काय लिहिलं होतं? ‘तिसऱ्या प्रकरणात दरवाजा उघडत नाही. दुरुस्ती येईपर्यंत घेऊ नका. एक तारा.’ एवढंच. रात्री लिहिलं, सकाळी पाहते तर काढून टाकलेलं. कारण कळवलं गेलं: ‘भाषा भावनात्मक असल्याने’. यात भावना कुठली? दरवाज्याची? त्याच पानावर ‘भावा, कडक गेम, डोकं फिरलं, आगच आग’ हा पाच ताऱ्यांचा अभिप्राय अजून झळकतो आहे. तो बहुधा तर्कशुद्ध असावा.

ग्राहकांचे ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि छापावेत यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं आहे. ते ऐच्छिक आहे, मला माहीत आहे, तुमचे वकील हे वाक्य तयार ठेवून बसले असतील. ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम मात्र ऐच्छिक नाहीत. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि निवारण महिन्याच्या आत करायचं. पोच मला मिळाली, तुमच्या अ‍ॅपच्या नाचणाऱ्या चित्रासकट. निवारण म्हणून ‘घरात बच्चा आहे का’ हे मिळालं.

‘कोड वापरला की परतावा नाही’ हे तुमचं धोरण मला तीन वेळा वाचून दाखवण्यात आलं. गेम सुरू करायचा कोड वापरल्याशिवाय दरवाजा उघडत नाही हे कळणार कसं, याचं उत्तर धोरणात नाही. स्टीमवर निदान घेतल्यापासून चौदा दिवस आणि दोन तास खेळेपर्यंत परताव्याची मुभा असते. तिसरं प्रकरण दोन तासांत येत नाही, तेव्हा तिथेही मला कदाचित उपयोग झाला नसता, पण तिथे कोणी शिक्का मारून मला वार्षिक वर्गणी लावलेली नाही.

इथे जेल रोडवर ज्या दुकानातून मी प्लेस्टेशन घेतलं, तो दुकानदार डिस्क काउंटरवर ठेवायच्या आधीच म्हणतो, “मैडम, ये मत लो, वापस ले के आओगे, फिर मैं मुँह छुपाऊँगा.” त्याच्याकडे तज्ज्ञांचं मंडळ नाही, तारे नाहीत. तुमच्याकडे सगळं आहे असं समजून मी त्याला सोडून तुमच्याकडे आले. सुरुवातीला तुमचे लेख खरंच चांगले असायचे. लांब असायचे, कंटाळवाणे भाग कुठले तेही सांगायचे. ते लिहिणारे लोक कुठे गेले? की तेही ‘भावनात्मक’ निघाले?

तर मला हवं आहे ते असं. ३,९९९ रुपये परत. सदस्यत्वाचे उरलेल्या महिन्यांचे पैसे परत. माझा अभिप्राय होता तसा, एक शब्दही न बदलता, पुन्हा त्याच जागी. त्या गेमचा हिरवा शिक्का दुरुस्ती येईपर्यंत काढलेला. आणि फोनवरच्या त्या वागणुकीबद्दल लेखी माफी, जिच्यात ‘आपल्याला असे वाटले असल्यास’ हे शब्द नसतील. मला वाटलेलं नाही, मी ऐकलेलं आहे. मी कोणाची आई म्हणून फोन केला नव्हता, ग्राहक म्हणून केला होता. हे दुसऱ्यांदा सांगते आहे, कारण पहिल्यांदा सांगितलं तेव्हा “जी, समझ गए आंटीजी” असं उत्तर आलं.

नियमातला महिना उलटला की १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ई-जागृती संकेतस्थळावरून इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावीन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तो मी राहते तिथेच लावता येतो आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही. निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो. न खेळता दिलेले कौल ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते का, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणालाही विचारीन. त्यांचा दंड पहिल्याच वेळी १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. उत्तर लेखीच द्यावं. फोन करू नये.

तुमची सदस्य (वर्गणी संपेपर्यंत)
लोकमान्य नगर, इंदूर

ता. क. : वर्गणी दरवर्षी आपोआप कापली जाते, ती थांबवायचं बटण अ‍ॅपमध्ये सापडत नाही. ते कुठे ठेवलं आहे तेही कळवावं.