आमच्या बोळातल्या ड्रॉइंगच्या सरांना, सगळ्यांकडून थँक्यू

आदरणीय सर, सप्रेम नमस्कार,

मंडळाच्या मीटिंगमध्ये तुमचा सत्कार करायचं ठरलं होतं, शाल-श्रीफळ सगळं, पण तुम्ही सरळ नाही म्हणालात आणि नाशिकला लेकीकडे निघून गेलात. मग सगळे मला म्हणाले तू लिही, आणि उघड लिही, म्हणजे दुसऱ्या पेठांमधल्या, दुसऱ्या गावांतल्या लोकांना पण कळू दे की एक रिटायर्ड ड्रॉइंग टीचर काय करू शकतो. तर हे पत्र वाड्यातल्या भाडेकरूंच्या वतीने आहे आणि समोरच्या नव्या बिल्डिंगवाल्यांच्या पण. या दोघांचं मिळून एक पत्र निघतंय ही तुमचीच कमाई आहे सर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुण्यातल्या एका पेठेतला आमचा बोळ, एका बाजूला वाड्याची लांबलचक जुनी भिंत, विटा आणि चुन्याची, आणि तिच्या कोपऱ्यावर कायमचा कचरा. अशा जागेला पुण्यात क्रॉनिक स्पॉट म्हणतात. सकाळी उचलला की दुपारपर्यंत परत पिशव्या येऊन पडलेल्या. वाड्यातले म्हणायचे बिल्डिंगवाले टाकतात, बिल्डिंगवाले म्हणायचे वाड्यातले टाकतात, आणि येता-जाता टू-व्हीलरवरून भिरकावणारे वेगळेच. संध्याकाळनंतर तिथे अंधार, पुरुष भिंतीकडे तोंड करून उभे, त्यामुळे आमच्या मुली क्लासला जाताना लांबचा वळसा घालून जायच्या.

उपाय म्हणून देवांच्या टाइल्स लावायच्या ठरल्या होत्या, जशा सगळीकडे जिन्यात नि भिंतींवर लावतात, म्हणजे कोणी थुंकणार नाही, घाण करणार नाही. वर्गणी पण निघायला लागली होती. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा बोललात. "देवाला कशाला वॉचमन करताय, आपण इतकी माणसं राहतो ना इथे." एवढंच, पण त्यानंतर टाइल्सचा विषय कोणी काढला नाही.

मग मुलांनी भिंत रंगवायचा हट्ट धरला. २०१७ च्या शेवटी मुंबईत असल्फाची टेकडी रंगवली होती ना, घाटकोपरच्या मेट्रोतून दिसते ती, त्याचे फोटो ग्रुपवर फिरले, अस्संच करू म्हणून. तुम्ही त्याला नावं नाही ठेवलीत, पण विचारलंत की आपल्या बोळात मेट्रोतून कोण बघणारे? रोज आपणच बघणार, मग आपल्याला इथे काय पाहिजे ते आधी ठरवा. तुम्ही मुलांना कसबा पेठेत पण नेलंत, हर्षवर्धन कदमांनी २०१२ मध्ये पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्ट सुरू केला तेव्हा तिथल्या भिंती रंगवल्या होत्या, ते सगळं समजावून सांगितलंत. पण ब्रश काही हातात दिला नाहीत. चित्र सगळ्यात शेवटी, असं म्हणत राहिलात. मुलं वैतागली होती सर, आता सांगायला हरकत नाही.

आणि मग तो रांगोळीचा रविवार. तो मला जसाच्या तसा लिहायचाय. तुम्ही बायकांना सांगितलंत की देवळासमोरच्या मोकळ्या जागेत आख्ख्या बोळाचा नकाशा काढा, रांगोळीने, घरं, जिने, नळ, चेंबर, सगळं. कागदावरचा नकाशा म्हटलं असतं तर निम्म्या जणी पुढे आल्या नसत्या, पण रांगोळीला कोण नाही म्हणणार. मग म्हणालात जिथे अंधार तिथे काळी, जिथे पाणी तुंबतं तिथे निळी, आणि जिथून जायची भीती वाटते तिथे लाल. थोडा वेळ कोणी हललं नाही. आधी वाड्यातल्या एका आजींनी चेंबरपाशी निळी टाकली, मग एकदम सगळ्या बसल्या. लाल रांगोळी कुठे कुठे पडतीये हे पुरुष मंडळी कट्ट्यावरून बघत होती आणि कोणी एक शब्द बोलत नव्हतं. एका आठवीतल्या मुलीने कोपऱ्यापासून तिच्या दारापर्यंत आख्खी लाल रेघ ओढली. तिचे वडील तिथेच उभे होते. आमच्या बोळात त्याच्यापेक्षा खरी मीटिंग झाली नसेल कधी. वाडा कुठे संपतो आणि बिल्डिंग कुठे सुरू होते हे त्या रांगोळीत दिसतच नव्हतं, तुंबलेलं पाणी दोघांच्याही दारात होतं.

त्याचा फोटो तुम्ही वरून, गच्चीतून काढून घेतलात आणि तो फॉर्मला जोडला. हे फॉर्मचं सगळ्यांना सांगते कारण आमच्यातल्या बहुतेकांना माहीतच नव्हतं. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून लोकांनी सुचवलेली कामं बजेटमध्ये घेतात, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म द्यायचा, साधारण गणपतीच्या आगेमागे मुदत असते, आणि एका कामाला ५ लाखांपर्यंत मागता येतं, दिवे, फुटपाथ, बाकडी असली आपल्या दारातली कामं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले, त्यामुळे आता कोणाला भेटायचं हाच आमच्याकडे प्रश्न झाला होता, तर तुम्ही म्हणालात फॉर्म भरायला नगरसेवक लागत नाही, पेन लागतं. प्रत्येक घराने आपापल्या अक्षरात भरला पाहिजे हा तुमचा हट्ट, झेरॉक्स चालणार नाही. ज्या काकूंना लिहायची सवय राहिली नव्हती त्यांच्याशेजारी तुम्ही बसून राहिलात पण पेन स्वतःच्या हातात घेतलं नाहीत. महापालिकेचे जेई साहेब, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, बघायला आले तेव्हा त्यांच्याशी तुम्ही नाही बोललात, त्या आजींना पुढे केलंत. दिवा लागला, चेंबरचं काम झालं, आणि मगच तुम्ही म्हणालात, हं, आता रंग.

आता भिंतीबद्दल. आम्ही बाजारातला प्लॅस्टिक पेंट आणणार होतो, तुम्ही भिंतीला हात लावून म्हणालात ही चुन्याची आहे, हिला श्वास घ्यायला लागतो, वरून प्लॅस्टिक मारलं तर ओल आत अडकेल आणि पावसाळ्यानंतर सगळे पोपडे हातात येतील. मग कळीचा चुना आणला, ड्रममध्ये विझवला, तो उकळायला लागल्यावर मुलांना तुम्ही दहा पावलं मागे उभं केलंत, भिजवून ठेवला, धोतराच्या कापडातून गाळला, डिंकाचं पाणी घातलं, आणि रंग म्हणजे गेरू, पिवडी, नीळ, बस. ज्या पोरांचं एलिमेंटरी-इंटरमिजिएटचं टेन्शन आमच्या घरात चालायचं ती पोरं सुताने भिंतीवर चौकोन आखत होती आणि छोट्या कागदावरचं चित्र मोठं कसं करायचं ते बिल्डिंगमधल्या इंजिनिअर काकांना शिकवत होती.

चित्रात कोण असावं ते पण विचारून ठरलं. बोळातलीच माणसं, दूधवाले, फुलवाल्या मावशी, कट्ट्यावरचे आजोबा. आणि कचरा गोळा करायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या, म्हणजे कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या, ताई. त्यांना तुम्ही कच्चं चित्र दाखवलंत तर त्या म्हणाल्या, माझ्या हातातला झाडू काढा, मला चहाचा कप द्या, या बोळात इतक्या वर्षांत निवांत बसून चहा प्यायलाच नाही. तुम्ही तिथल्या तिथे खोडून कप काढलात. आणि दुसऱ्या दिवसापासून वाड्यातून त्यांच्यासाठी खरंच चहा यायला लागला, तो अजून येतो. ओला-सुका वेगळा द्या म्हणून त्या आधी घसा कोरडा करायच्या, आता ज्यांच्यासोबत चहा पितो त्यांना मिक्स कचरा द्यायची लाज वाटते लोकांना, असं मला वाटतं.

गणपतीत जिवंत देखावा केला त्यात तर भिंतच बोलायला लावलीत. डायलॉग बायकांनी लिहिले, भिंत झाली ती तीच लाल रेघवाली मुलगी, आणि शेवटच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत बघायला इतकी गर्दी की पोरांना दोरी धरून उभं राहायला लागलं. मंडळाच्या पोरांनी त्यावर्षी लायटिंगचा खर्च कमी करून हे केलं, त्यांचं पण कौतुक.

कचरा पूर्ण बंद झालाय असं मी लिहिणार नाही, तुम्हाला खोटं आवडत नाही. अजून मधूनच रात्री कोणीतरी पिशवी टाकून जातं. पण आता सकाळी ज्याला दिसेल तो उचलतो, कोणाची म्हणून भांडत बसत नाही. आणि मुली सरळ रस्त्याने येतात-जातात. माझी मुलगी पण. त्यासाठी मी तुमचे आभार कसे मानू तेच कळत नाही सर, खरंच.

आता कामाचं. यावर्षीच्या फॉर्ममध्ये कोपऱ्यावर दोन बाकडी मागायचं ठरलंय, फक्त तोंड कुठल्या बाजूला यावर वाडा आणि बिल्डिंग यांचं अजून एकमत नाही, तर फोनवर दोघांचं ऐकून घ्या. आणि दिवाळीनंतर भिंतीला परत एक हात द्यायचाय, डिंक किती घालायचा ते प्रत्येक जण वेगळं सांगतोय, तेवढं तुमच्या अक्षरात लिहून पाठवा. किंवा लेकीला घेऊन याच, राहायची सोय आमच्याकडे.

तुमची,
आणि आख्ख्या बोळाच्या वतीने,
पहिल्या मजल्यावरची, नकाशात निळी रांगोळी सांडून ठेवणाऱ्या चिंटूची आई