लाल पट्टी बांधणाऱ्या ताई, तुमचे आभार

परवा सोलापुरात हल्ल्याच्या वेळी करायच्या बचावाचा सराव झाला. त्यात मी जखमी म्हणून फरशीवर पडून होतो. ज्यांची नावं विचारायची राहून गेली, त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

सगळ्यात आधी त्या ताईंचे. ओरडणाऱ्यांना ओलांडून त्या गप्प पडलेल्या माझ्याकडे आल्या, श्वास मोजला, नाडी पाहिली, मनगटावर लाल पट्टी बांधली. लाल म्हणजे आधी न्या, पिवळा थोडा थांबू शकतो, हिरवा स्वतः चालेल. आणि काळा म्हणजे हात टेकले. हे अर्ध्या मिनिटात ठरवायला केवढं काळीज लागत असेल!

स्ट्रेचर कमी पडले, तेव्हा यंत्रमागावरच्या चौघांनी मला चक्क सोलापुरी चादरीत उचललं. पोलिसांनी वाट सुरक्षित केली, मगच डॉक्टर आत आले. अग्निशमन, पोलीस, डॉक्टर एकाच टेबलाशी उभे होते. २००८ मध्ये मुंबईत एकाच रात्री किती ठिकाणी धावावं लागलं होतं, ते आठवलं की या टेबलाची किंमत कळते.

गेटवरच्या हवालदारकाकांनी १०८ च्या गाड्यांची वाट भर उन्हात शेवटपर्यंत मोकळी ठेवली. पाणी न्यायला गेलो, तर म्हणाले, "आधी त्या पोरांना द्या."