रुपयात किती आणे दुखतंय?

संपादक महोदय,

शासकीय रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात ३४ वर्षं काढून मी २०१८ साली निवृत्त झाले. परवा मात्र पाच रात्री खाटेच्या या बाजूला, नातेवाइकांच्या स्टुलावर बसले. चुलत सासूबाई, वय ८२. अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

लघवीची नळी काढली त्या रात्री लक्षात आलं, की त्या पाणी प्यायचं टाळतायत. ओठ सुकलेले, पण पेला पुढे केला की मान फिरवायच्या. खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "प्याले की लघवी, लघवी म्हटलं की ते भांडं. भांडं सरकवायला उचलतात ना, तेव्हा जीव जातो गं." मी चार्ट पाहिला. ताप, नाडी, श्वास, बीपी, लघवी किती मिली, सगळं वेळच्या वेळी लिहिलेलं. लघवी कमी होतेय म्हणून सलाईन वाढवलेलं. दुखण्याला रकानाच नव्हता. वेदनाशामक होतं, पण 'एसओएस', म्हणजे गरज पडली तर. गरज पडली हे सांगायचं कुणी? सिस्टर येऊन "आजी, बरं आहे ना?" विचारायची आणि आजी "हो बाई" म्हणायच्या. सात बाळंतपणं घरात काढलेली बाई दुखतंय म्हणून मध्यरात्री परक्या पोरीला हाक मारेल?

त्या पोरीला मी दोष देणार नाही. रात्री ४० खाटांना ती एकटी. आणि मी तरी काय केलं? पाय कापलेल्या एका शेतकऱ्याने नसलेल्या पायाच्या अंगठ्यात कळ येते म्हणून सांगितलं, तेव्हा आम्ही दोघी ड्युटी रूममध्ये हसलो होतो. ते खरंच दुखतं आणि त्याला औषधही वेगळं लागतं, हे मला फार उशिरा कळलं.

पुस्तकात ० ते १० अशी मोजपट्टी असते: ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे असह्य. सासूबाईंना तसं विचारलं तर म्हणाल्या, "माझी काय परीक्षा घेतेस?" मग माझी जुनी युक्ती काढली. "रुपयात किती आणे दुखतंय?" उत्तर तत्काळ आलं, "पडून असले की चार, हलवलं की चौदा." पडल्या पेशंटला विचारून भागत नाही ते यासाठी. कुशीवर वळवताना, खोकताना विचारायचं. शब्दही ऐकायचे. ठणकतंय म्हटलं की सूज, पू बघायचा. आग होते, करंट बसतो म्हटलं की नसेचं दुखणं. तिथे नुसत्या पॅरासिटामॉलने फारसं भागत नाही. ज्याला बोलताच येत नाही त्याच्या कपाळाच्या आठ्या आणि वळलेली मूठ वाचायची.

अमेरिकेत १९९०च्या दशकात वेदनेला ताप, नाडी, श्वास, बीपी यांच्या जोडीचं पाचवं 'व्हायटल साइन', म्हणजे दर वेळी मोजायची खूण, म्हणायला लागले, अफूवर्गीय गोळ्यांचा सुकाळ झाला, लोकांना त्यांचं व्यसन लागलं, आणि २०१६ मध्ये तिथल्या मेडिकल असोसिएशनने ते नाव सोडावं असं ठरवलं. हा दाखला मला डॉक्टरांनीच दिला. पण आकडा दिसला की गोळी द्या, असं कुठे म्हणतेय मी? खुब्याच्या ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस साधं वेदनाशामकसुद्धा मागण्याची वाट न पाहता घड्याळाच्या ठोक्याला द्यावं, हलवण्याआधी द्यावं आणि तासाभराने परत विचारावं. दुखतं म्हणून म्हातारं माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. चांगल्या झालेल्या ऑपरेशननंतर अशी माणसं गेलेली मी पाहिली आहेत.

मागणी एवढीच, की सरकारी असो वा खासगी, टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या तक्त्यावर, दुखण्याचा एक रकाना छापा. छपाईचा खर्च वाढणार नाही.

रात्रपाळीच्या त्या सिस्टरला मी आण्यांचं सांगितलं. ती २३ वर्षांची. "आणे म्हणजे?" तिने विचारलं. सोळाचा हिशेब समजावून दिला. सकाळी राउंडला आलेले डॉक्टर चार्टच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं '१४, गोळीनंतर ६' बघून विचारत होते, हे काय आहे? सासूबाई तेव्हा दुसरा कप चहा मागत होत्या.

– एक निवृत्त परिचारिका, कराड