‘आपल्याकडे सर्वांत नवी आवृत्ती आहे’ : अपडेट थांबलेल्या सॉफ्टवेअरबाबत तक्रार

दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय : पारिभाषिक शब्दसंग्रहाच्या सॉफ्टवेअरचे अपडेट सहा वर्षांपासून थांबलेले असणे, देखभाल शुल्काची वसुली मात्र चालू असणे आणि माझ्या नोंदी त्यातून बाहेर काढता न येणे याबाबत.

संदर्भ : आपल्या मदत कक्षाकडे मार्च २०२३ ते नोव्हेंबर २०२५ या काळात मी नोंदवलेल्या चार तक्रारी.

महोदय / महोदया,

मी तांत्रिक मजकुराची अनुवादक आहे. आपले शब्दसंग्रहाचे सॉफ्टवेअर मी २०११ साली विकत घेतले आणि तेव्हापासून कामाच्या जवळजवळ प्रत्येक दिवशी ते माझ्या संगणकावर उघडे असते. एखादी संज्ञा पहिल्यांदा समोर आली, तिच्यासाठी प्रतिशब्द ठरवला, तोच का घेतला आणि दुसरा का टाळला याची टीप लिहिली, की ती नोंद आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जाते. आज अशा २३ हजारांहून अधिक नोंदी त्यात आहेत. नमुन्यादाखल ‘मॉइश्चर’ या एकाच शब्दाची नोंद पाहा : मातीसाठी ओलावा, हवेसाठी आर्द्रता, भिंतीसाठी ओल, आणि धान्याच्या बाबतीत कोणत्या संपादकाला काय चालते याची सात ओळींची टीप. हे कोणत्याही कोशात तयार मिळत नाही. चुका करून आणि बोलणी खाऊन ते जमा झालेले आहे. हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे, की आपल्या मदत कक्षाने मला एकदा ‘दुसरे एखादे सॉफ्टवेअर वापरून पाहावे’ असे सुचवले होते. सॉफ्टवेअर बदलायला माझी काहीच हरकत नाही. चौदा वर्षांचे काम मागे टाकून जाण्याला आहे.

आपल्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती नोव्हेंबर २०१९ मध्ये आली. त्यानंतर एकही दुरुस्ती आलेली नाही. मेनूतील ‘अपडेट तपासा’ हे बटण दाबले की चक्र क्षणभर फिरते आणि ‘आपल्याकडे सर्वांत नवी आवृत्ती आहे’ असा संदेश हिरव्या खुणेसह झळकतो. संदेश खोटा नाही, हे मला मान्य आहे. पण ती हिरवी खूण पाहून मी सुमारे दोन वर्षे निर्धास्त राहिले, आणि काम थांबलेले आहे हे मला आपल्याकडून नव्हे, तर बदलांच्या यादीतील शेवटची तारीख स्वतः वाचल्यावर कळले. आपल्या माहितीपत्रकात मात्र या सॉफ्टवेअरचा उल्लेख आजही ‘सातत्याने विकसित होणारे’ असाच आहे.

अपडेट नसल्याने नेमके काय अडते, असे आपल्या प्रतिनिधीने मला फोनवर विचारले होते. प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देते. किरकोळ गोष्टी आधी सांगून संपवते. नव्या, अधिक बारीक ठिपक्यांच्या पडद्यावर सॉफ्टवेअरमधील अक्षरे भिंगाने वाचावी लागतील इतकी लहान दिसतात, आणि अक्षरांचा आकार वाढवला की नोंद जतन करण्याचे बटण चौकटीच्या खाली निघून जाते. त्यावर मी कळफलकाने तोडगा काढला : टॅब अकरा वेळा दाबायचे, मग एंटर. अकरा वेळा हे मोजून ठरवलेले आहे. दहाव्या वेळी थांबले, तर ‘रद्द करा’ दाबले जाते आणि लिहिलेली टीप जाते. एवढ्यावर निभावले असते, तर मी हे पत्र लिहिले नसते.

माझा जुना संगणक विंडोज १० वर चालतो, आणि त्या प्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ही तारीख तिच्या निर्मात्यांनी काही वर्षे आधीच जाहीर केलेली असल्यामुळे मी तयारी करू शकले आणि नवा संगणक घेतला. त्यावर आपले सॉफ्टवेअर व्यवस्थित बसले, सुरूही झाले, आणि परवाना क्रमांक विचारून तेथेच अडले, कारण परवाना नोंदवून घेणाऱ्या आपल्या सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत ऑगस्ट २०२५ मध्येच संपलेली आहे. मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा नाही, हे संगणकाने योग्यच केले. अशी प्रमाणपत्रे आता मोफत मिळतात आणि त्यांचे नूतनीकरण आपोआप होण्याची सोय सर्रास वापरली जाते; तरीही पाच महिन्यांत ते कोणी केले नाही, याचा अर्थ त्या सर्व्हरकडे कोणी पाहतच नसावे असा मी घेते. माझा तर्क चुकीचा असेल, तर तसे कळवावे.

म्हणजे सॉफ्टवेअर जुन्या संगणकावरच वापरणे मला भाग आहे. सुरक्षा दुरुस्त्या मिळेनाशा झालेला संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवावा, हा साधा शहाणपणा आहे. पण आपले सॉफ्टवेअर दर तीस दिवसांनी इंटरनेटवरून परवाना पडताळून घेते आणि पडताळणी झाली नाही तर नोंदी उघडण्यासही नकार देते. पडताळणीचा सर्व्हर निराळा आहे आणि तो आजवर तरी उत्तर देतो आहे. त्यामुळे माझ्यापुढे दोनच वाटा उरल्या आहेत : संगणक सुरक्षित ठेवायचा आणि शब्दसंग्रह गमवायचा, किंवा शब्दसंग्रह राखायचा आणि दर महिन्याला दार उघडे टाकायचे. सध्या मी महिन्यातून एकदा तार जोडते, पडताळणी होईपर्यंत थांबते आणि लगेच काढून टाकते. चोरासारखे वाटते, आणि तेही स्वतःच्याच घरात.

ही भीती मनाने रचलेली नाही. आपल्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये परवान्यांची एक मजकूर फाइल आहे. तिच्यात सुरक्षित संपर्कासाठी ओपनएसएसएल या तयार कोडसंचाची १.०.२ ही आवृत्ती वापरल्याचे लिहिलेले आहे. त्या आवृत्तीला सर्वांसाठी दुरुस्त्या देणे तिच्या कर्त्यांनी ३१ डिसेंबर २०१९ रोजी बंद केले, म्हणजे आपली शेवटची आवृत्ती आल्यावर महिना-दीड महिन्यातच. याच ओपनएसएसएलच्या आधीच्या एका आवृत्तीत एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ हा गुप्त माहिती फुटू देणारा दोष उघड झाला, तेव्हा जगभरातील संकेतस्थळांना घाईने दुरुस्ती बसवावी लागली होती. ज्यांचे सॉफ्टवेअर सांभाळणारी माणसे जागेवर होती, त्यांना ती बसवता आली. उद्या असा दोष पुन्हा निघाला, तर आपल्याकडे कोणाला हाक मारायची, हे मला ठाऊक नाही.

आता मूळ दुखण्याकडे येते. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘नोंदी बाहेर काढा’ अशी सोय आहे, आणि आपल्या उत्तरांत मला तिच्याकडेच बोट दाखवण्यात आले. मी ती वापरली. निघालेल्या फाइलमध्ये प्रत्येक टीप २५५ चिन्हांवर तोडलेली आहे, शब्दाच्या मध्येसुद्धा. दुसरे म्हणजे, फाइल जुन्या अक्षरसंचात लिहिली जात असल्याने देवनागरीचे प्रत्येक चिन्ह प्रश्नचिन्ह होऊन बाहेर येते. ‘ओलावा’च्या जागी पाच प्रश्नचिन्हे येतात, अक्षरे तीन दिसत असली, तरी दोन काने वेगळी चिन्हे म्हणून मोजले जातात. असे २३ हजार ओळींचे प्रश्नचिन्हांचे रान माझ्याकडे आहे आणि त्यातला कोणता शब्द कोणता होता, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. जगभरच्या लिपींना एकाच अक्षरसंचात घेणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि देवनागरी तेव्हापासून तिच्यात आहे. पारिभाषिक शब्दसंग्रहांच्या देवाणघेवाणीसाठी टीबीएक्स हे स्वरूप आहे, आणि ते आयएसओ ३००४२ या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. हे मानक २००८ सालापासून प्रसिद्ध आहे. आपण ते आधाराला घेतले असते, तर आज मला आपली गरजच उरली नसती, आणि कदाचित म्हणूनच ते घेतले गेले नसावे. ही शंका कडवट आहे, हे मला कळते. आपल्याकडून दुसरे काही स्पष्टीकरण आले नाही, म्हणून ती मनात घर करून बसली आहे.

चारही तक्रारींच्या उत्तराचा शेवट शब्दशः सारखा आहे : ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा असून तो संबंधित गटाकडे पाठवण्यात आला आहे.’ तो गट अस्तित्वात आहे का, एवढेच मी तिसऱ्या तक्रारीत विचारले होते. त्यालाही हेच उत्तर आले.

देखभाल शुल्क मात्र दर एप्रिलमध्ये न चुकता माझ्या खात्यातून वळते होते. नोव्हेंबर २०१९ नंतर ते २०२० ते २०२५ असे सहा वेळा घेतले गेले आहे. करारात या शुल्काच्या बदल्यात ‘दोषदुरुस्ती आणि नव्या प्रणालींशी सुसंगतता’ देण्याचे लिहिले आहे, आणि सहा वर्षांत यांपैकी काहीही मिळालेले नाही. आपल्या सर्व यंत्रणांपैकी वसुलीची यंत्रणा एकदाही बंद पडलेली नाही, ही गोष्ट नोंदवल्यावाचून राहवत नाही.

एखादे सॉफ्टवेअर कायम सांभाळत राहावे, अशी माझी मागणी नाही. माणसे सोडून जातात, धंदा परवडेनासा होतो, तंत्रज्ञान जुने पडते. हे मलाही समजते. संकेतस्थळांवरील चित्रफिती आणि खेळ चालवणारे फ्लॅश प्लेअर बंद होणार हे त्याच्या निर्मात्यांनी जुलै २०१७ मध्ये सांगितले आणि ते बंद झाले ३१ डिसेंबर २०२० रोजी. वापरणाऱ्यांना आवराआवर करायला तीन वर्षांहून अधिक काळ मिळाला. त्रिमितीय चित्रांसाठीचे ब्लेंडर बनवणारी कंपनी २००२ साली बुडाली, तेव्हा वापरणाऱ्यांनी एक लाख युरो जमवून त्याचा मूळ कोड मोकळा, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येईल असा, करून घेतला, आणि ते सॉफ्टवेअर आजही जोमाने चालू आहे. थांबण्याचे असे निरनिराळे मार्ग आहेत. आपण निवडलेला मार्ग म्हणजे न सांगता उठून जाणे आणि भाडे मात्र घेत राहणे.

यास्तव माझ्या मागण्या अशा. या सॉफ्टवेअरचा विकास थांबला आहे की चालू आहे, हे आपण मला तारखेसह लेखी कळवावे. ‘संबंधित गट’ असा मोघम उल्लेख असलेले उत्तर मी उत्तर धरणार नाही. विकास थांबला असेल, तर दर तीस दिवसांची पडताळणी काढून टाकणारी एक शेवटची छोटी आवृत्ती द्यावी; तोवर दोन्ही सर्व्हर चालू ठेवावेत आणि मुदत संपलेले प्रमाणपत्र बदलावे, जेणेकरून माझा परवाना नव्या संगणकावर नोंदवता येईल. माझ्या नोंदी पूर्ण टिपांसह युनिकोडमध्ये बाहेर काढून देणारी सोय त्याच आवृत्तीत असावी. तेवढेही मनुष्यबळ नसेल, तर नोंदींच्या फाइलची रचना समजावणारा दस्तऐवज द्यावा. त्यावरून बाहेर काढण्याचे काम मी जाणकाराकडून स्वखर्चाने करून घेईन. सहा वर्षांचे देखभाल शुल्क परत करावे आणि येत्या एप्रिलची वसुली थांबवावी. कोड मोकळा करायचा की नाही, हा आपला प्रश्न आहे. मी केवळ सुचवते.

यांपैकी सर्वांत निकडीची मागणी नोंदींची आहे. शुल्काच्या हिशेबाला वेळ लागणार असेल, तर लागू द्या. पण पडताळणीचा तो दुसरा सर्व्हर कोणत्या दिवशी उत्तर द्यायचे थांबेल, हे मला माहीत नाही आणि बहुधा आपल्यालाही नसावे. माझी पुढची पडताळणी ४ फेब्रुवारी रोजी आहे. त्यापूर्वी लेखी उत्तर मिळावे. ते न मिळाल्यास खात्यावरील वसुलीची परवानगी मी बँकेमार्फत रद्द करेन आणि हे पत्र मागील चारही तक्रारींसह ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेपुढे ठेवेन.

सोबत परवान्याची प्रत, सहा वर्षांच्या शुल्काच्या पावत्या, नव्या संगणकावरील प्रमाणपत्राच्या त्रुटीचे चित्र आणि बाहेर काढलेल्या फाइलचे पहिले पान जोडले आहे. त्या पानावरील चौथी ओळ ‘मॉइश्चर’ची आहे.

आपली,
एक परवानाधारक ग्राहक