डिजिटल ह्युमॅनिटीजच्या पीएचडीबद्दल

प्रिय निल्या,

मोडी कागदांवर डिजिटल पीएचडी करायचं तुझ्या मनात आहे हे वाचून फार भारी वाटलं रे. आयर्लंडमधला डिजिटल आर्ट्स अँड ह्युमॅनिटीजचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मदतीनं कला, साहित्य, इतिहास अभ्यासण्याचा पीएचडी प्रोग्राम कसा असतो विचारलंस ना, सांगतो.

२०११ मध्ये सरकारी फंडिंगवर सुरू झाला तेव्हा तो कुठल्या एका युनिव्हर्सिटीचा नव्हताच, ट्रिनिटी, कॉर्क, गॉलवे, मेनूथ सगळ्यांनी मिळून उभा केलेला. चार वर्षांचा. आपल्याकडे कसं, गाईड आणि तू, बाकी तुझं तू बघ, इथे सुरुवातीलाच कोअर मॉड्यूल्स, म्हणजे सगळ्यांना करावे लागणारे छोटे कोर्स असतात, गॉलवेला तर एकूण किमान ३० क्रेडिट्स करावेच लागतात आणि गाईडखेरीज आणखी एक कमिटी दरवर्षी तुझं काम तपासते. मग इंटर्नशिप, म्युझियम, अर्काइव्ह किंवा एखाद्या टेक कंपनीत, आणि शेवटी थिसिस. आर्ट्सवाले स्वतःची कलाकृती पण थिसिसचा भाग म्हणून देतात.

लोकांना वाटतं मॉड्यूल्समध्ये वेळ जातो, मला ते अजिबात पटत नाही, साहित्य-इतिहासवाल्याला कोडिंग आणि कॉम्प्युटरवाल्याला कागद वाचणं तिथेच कळायला लागतं. ट्रिनिटीतल्या १६४१ च्या आयर्लंडमधल्या कॅथलिकांच्या बंडाबद्दलच्या साक्षीदारांच्या जबान्या बघ, सुमारे ८००० आहेत, २०१० मध्ये ऑनलाइन आल्या. एकच नाव दहा तऱ्हेनं लिहिलेलं, मग सर्च करणार कसं? तिथे इतिहासकार, भाषावाले आणि कॉम्प्युटरवाले एकत्र बसल्याशिवाय काम पुढे सरकतच नाही. टीईआय (टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह) म्हणून मार्कअपची, म्हणजे मजकुरात खुणा घालायची पद्धत आहे, त्यात व्यक्ती, गाव, तारीख यांना टॅग लावतात, पुसट शब्दाला आणि फाटून गेलेल्या ओळीला पण वेगळा टॅग असतो, म्हणजे तू अंदाजानं वाचलंस की स्पष्ट दिसत होतं हे पुढच्याला कळतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

आता मोडीचं बघ, ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द सलग लिहिलेले, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळ्या लिप्यांची अक्षरं ठरवणाऱ्या मानकात, ती आली २०१४ ला! म्हणजे तुझा प्रश्न नुसता स्कॅनिंगचा नाहीच, शब्द कुठे तोडला हे नोंदवायचं कसं, हा आहे. प्रपोजलमध्ये सॉफ्टवेअरची नावं भरू नकोस, हा प्रश्न पहिल्या परिच्छेदात मांड आणि इंटर्नशिपसाठी पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ चालेल का हे गाईडला आधीच विचार.

एक पान लिहून पाठव, रविवारी कॉलवर बसून नीट करू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
पम्या