वीस तारखेला घरी येते आहे

पुणे,
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही नेहमीप्रमाणे विचारलेत, "वीस तारखेला मतदानाला येतेस ना?" आणि मी उत्तर द्यायला इतका वेळ लावला की फोन कट झाला असे वाटून तुम्ही दोनदा "हॅलो" म्हणालात. मी तेव्हा रजेचे कारण पुढे केले. रजेची अडचण होती हे खरे, परंतु गप्प राहण्याचे कारण तेवढेच नव्हते. ते फोनवर सांगता आले नसते, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी बसून सविस्तर लिहिते आहे.

मी येणार आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हाला घोर लागणार नाही. आमच्या कार्यालयात प्रथम "मतदान करून या आणि मग घरून काम करा" असे सांगण्यात आले होते. लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे मतदाराला त्या दिवशी पगारी सुट्टी मिळाली पाहिजे आणि माझे मतदान पुण्यात नसून लातूर जिल्ह्यात आहे, हे मी लेखी कळवले, तेव्हा ती मंजूर झाली.

आता खरे कारण. लहानपणी मला निवडणूक म्हणजे तुमची ड्युटी एवढेच ठाऊक होते. आदल्या दिवशी तहसीलवरून यंत्र, शाईची बाटली, लाख आणि पाकिटांचा गठ्ठा ताब्यात घेऊन तुम्ही कुठल्यातरी परक्या गावच्या शाळेत मुक्कामाला जायचात आणि दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीनंतर परत यायचात. आई ताट झाकून जागी असायची. तुमच्या बोटांना लाखेचे चटके बसलेले असत. एका निवडणुकीत तुम्ही फारच उशिरा आलात, कारण नोंदवहीतल्या सह्या आणि यंत्रातली मते यांत एकाचा फरक येत होता. पक्षांचे प्रतिनिधी कंटाळून "गुरुजी, एका मताने काय होतंय" म्हणत असताना तुम्ही पहिल्या पानापासून पुन्हा मोजायला बसलात आणि अखेर सापडले की एका मतदाराने सही करून मत न देताच केंद्र सोडले होते व ती नोंद शेऱ्याच्या रकान्यात होती. हिशोब जुळला आणि मग तुम्ही यंत्र बंद करून सील केलेत. भात गार झाला होता, तुम्ही तो तसाच खाल्लात आणि आईला ही हकिकत सांगितलीत. मी अंथरुणात जागीच होते.

बाबा, त्या एका मताचा हिशोब तुम्ही लावलात. माझ्या २०१९ च्या मताचा हिशोब मला पाच वर्षे लागत नाही, आणि फोनवर मी गप्प राहिले ती त्यामुळे.

२१ ऑक्टोबर २०१९ ला मी विधानसभेसाठी पहिल्यांदा मत दिले. कोणाला दिले ते तुमच्याच शिकवणीप्रमाणे सांगणार नाही, आणि ते सांगण्याची गरजही नाही, कारण कोणालाही दिले असते तरी गोष्ट फारशी वेगळी झाली नसती. २४ तारखेला निकाल लागला. एकत्र मते मागितलेले दोन पक्ष महिन्याभरात वेगळे झाले, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली, २३ तारखेला ती पहाटे उठली आणि लोक चहा घेत असताना राजभवनात एक शपथविधी उरकला, तर २८ तारखेला शिवाजी पार्कवर दुसराच मुख्यमंत्री शपथ घेत होता. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, ३० तारखेला तिसरे सरकार आले, आणि २ जुलै २०२३ ला राष्ट्रवादीही फुटून तिचा एक भाग त्याच सरकारात बसला. या सर्व काळात आम्हा मतदारांना कोणी एकदाही काही विचारले नाही.

याला कायदा आहे, हे मला ठाऊक आहे. स्पर्धा परीक्षेची दोन वर्षे वाया गेली असे तुम्हाला वाटते, पण त्या अभ्यासात राज्यघटनेचे दहावे परिशिष्ट मी पाठ केले होते. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी आली आणि एक तृतीयांश आमदार फुटले तर चालते ही पळवाट २००३ मध्ये काढून टाकण्यात आली. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे योग्य नव्हते, मात्र तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे जुने सरकार परत आणता येणार नाही, आणि अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी घ्यावा. शिवसेनेच्या प्रकरणात तो निर्णय १० जानेवारी २०२४ ला आला. कोणीही अपात्र ठरले नाही. त्यावरची प्रकरणे अजून न्यायालयात आहेत आणि ज्या विधानसभेबद्दल हा वाद आहे तिची मुदत याच महिन्याच्या २६ तारखेला संपते. म्हणजे माझ्या मताचे जे झाले ते योग्य होते की अयोग्य, याचे अंतिम उत्तर त्या मताचे आयुष्य संपेपर्यंत मिळाले नाही. मला राग कोण्या एका पक्षाचा येत नाही, या उशिराचा येतो. तुम्ही रात्री जागून जो हिशोब लावायचात तो इतका पवित्र असेल, तर पुढची पाच वर्षे त्याची राखण कोणी करायची?

इथल्या रोजच्या जगण्यातही हेच वेगळ्या रीतीने अनुभवास येते. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०२१ मध्ये जी २३ गावे आली, त्यांपैकी एका गावात मी आणि दोन मैत्रिणी भाड्याने राहतो. गाव शहरात आले तेव्हा तिथली ग्रामपंचायत गेली. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासक कारभार पाहतात. त्यामुळे आमच्या भागाला आज सरपंचही नाही आणि नगरसेवकही नाही. पिण्याच्या पाण्याचा टँकर सकाळी साडेसहाला येतो, त्याचा हॉर्न ऐकू आला की आम्ही तिघी आळीपाळीने कळशा घेऊन खाली जातो, आणि ज्या दिवशी तो येत नाही त्या दिवशी का आला नाही हे विचारायला माणूसच सापडत नाही. मागच्या महिन्यात महापालिकेच्या कार्यालयात अर्ज घेऊन गेले होते, तेव्हा तिथल्या कारकुनांनी मला बसायला खुर्ची दिली, अर्ज नीट वाचला आणि कळकळीने म्हणाले, "ताई, पूर्वी नगरसेवक मागे लागायचे, आता तुमच्याकडून पाठपुरावा कोण करणार?" त्यांचे काही चुकले नव्हते. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असे ७४ वी घटनादुरुस्ती सांगते, पण ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात आहेत आणि अडीच वर्षे उलटून गेली आहेत. बाबा, ज्या जिल्हा परिषदेच्या शाळांत तुम्ही चौतीस वर्षे शिकवलेत, तिथेही मार्च २०२२ पासून प्रशासकच आहेत. मी पंचवीस वर्षांची झाले, पण जिल्हा परिषदेसाठी किंवा महापालिकेसाठी अजून एकदाही मत देऊ शकलेले नाही.

तुम्ही म्हणाल, मग नाव इकडे का लावून घेतले नाहीस. नमुना ८ भरून ते करता येते. मी चार वर्षांत तीन खोल्या बदलल्या, भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो, आणि सध्याच्या घरमालकांनी "माझ्या पत्त्यावर कसलीही नोंदणी करू नका" असे आधीच बजावले आहे. जिथे राहते तिथे माझे मत नाही आणि जिथे मत आहे तिथे मी सणापुरती येते. माझ्या वयाच्या किती मुला-मुलींची हीच अवस्था असेल!

आई, तू विचारले होतेस की लाडक्या बहिणीचे पैसे म्हणजे मते विकत घेणेच नाही का. बाबांच्या पेन्शनमुळे आपल्याला ते मिळत नाहीत, त्यामुळे आपल्याला असे म्हणणे सोपे आहे. आमच्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशींच्या खात्यावर ऑगस्टपासून महिन्याचे दीड हजार रुपये येऊ लागले, तेव्हा त्यांनी मला मोबाइलवरचा मेसेज तीनदा वाचायला लावला, कारण नवऱ्याच्या हातून न जाता स्वतःच्या नावावर आलेला तो त्यांच्या आयुष्यातला पहिला पैसा होता. त्यांना मी मत विकणारी म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. माझी तक्रार नेत्यांशी आहे. एका बाजूने एकवीसशेचे आश्वासन दिले, दुसऱ्या बाजूने तीन हजारांचे, आणि प्रचाराचा सगळा वेळ या दोन आकड्यांतच जातो आहे.

दिवाळीत काकांच्या अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन पसरलेले मी पाहिले. काका पायांनी ते उलटेपालटे करत होते आणि मधूनच एखादा दाणा दाताखाली धरून तो कडक झाला की नाही हे बघत होते. यंदाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आहे आणि आडतीवर चार हजारांच्या आसपास मिळतात. खरेदी केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला म्हणून त्यांचा माल परत पाठवला होता. गाडीभाडे दोन्ही वेळचे गेले. "पुन्हा नेऊ का आडतीला घालू?" असे त्यांनी मला, पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतणीला, विचारले आणि मला काही सांगता आले नाही. त्याच संध्याकाळी चौकातल्या सभेत वक्ते तासभर बोलले. कोण गद्दार आणि कोण निष्ठावंत हे ऐकायला मिळाले, पण ओलाव्याची अट कोणी उच्चारलीसुद्धा नाही.

आणि सर्वांत जास्त मनाला लागले ते आपल्या गल्लीतले. गेल्या वर्षी अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि आरक्षणाचा प्रश्न पेटला, तेव्हापासून समोरच्या काकूंच्या घराचे आणि आपले बोलणे कमी झाले आहे, हे तुम्ही दोघेही मला सांगत नाही, पण मला कळते. पूर्वी त्यांच्या अनारशांशिवाय आपला फराळ पुरा होत नसे. यंदा पाडव्याला मी ताट घेऊन गेले तर काकूंनी ते उंबऱ्यातच घेतले आणि "ये ना आत" म्हणाल्या नाहीत. भाऊबीजेच्या संध्याकाळी त्यांचा नातू आपल्या ओट्यावर त्यांचे ताट ठेवून पळाला. त्यांचा मुलगा आणि मी एकाच अभ्यासिकेत शेजारी शेजारी बसत होतो. जागा कधी निघणार, परीक्षा पुढे तर ढकलणार नाहीत ना, हीच चिंता दोघांना असायची आणि आजही त्याला तीच आहे. ज्या नोकऱ्या दोघांनाही मिळाल्या नाहीत, त्यांच्या वाटणीवरून दोन घरे तुटत असतील तर त्याचा लाभ कोणाला होतो, हे या निवडणुकीत गावोगाव मोठ्याने विचारले पाहिजे असे मला वाटते.

इतके सगळे मनात असल्यामुळे परवा शब्द फुटले नाहीत. मत द्यायचेच नाही असे चार दिवस वाटत होते, हे तुमच्यापासून लपवत नाही. नोटाचाही विचार केला. पण तुम्ही पहिल्या पानापासून पुन्हा मोजायला बसलात ती रात्र आठवली, आणि घरी बसून राहिले तर नोंदवहीत माझी सहीसुद्धा राहणार नाही हे मला सहन होईना. प्रचार अठरा तारखेला संध्याकाळी संपतो. तोपर्यंत उमेदवारांपैकी कोणी दारी आले तर, बाबा, माझ्या वतीने एवढेच विचारा : निवडून आल्यावर पक्ष बदलावासा वाटला तर राजीनामा देऊन आमच्याकडे पुन्हा मते मागायला याल का? उत्तर जे देतील ते वहीत लिहून ठेवा. माझा निर्णय मी ते वाचून करीन.

एकोणीसच्या रात्रीच्या एसटीने निघेन, अर्ध्या तिकिटात येणे होते, त्यामुळे पैशांची काळजी करू नका. सकाळी सातच्या सुमारास पोचेन. यादीत माझे नाव आणि अनुक्रमांक आधी बघून ठेवा. आई, काकूंचे ताट अजून आपल्याकडेच असेल. ते रिकामे परत पाठवू नकोस आणि मी येईपर्यंत कोणाच्या हातीही देऊ नकोस. आदल्या दिवशी खोबऱ्याच्या वड्या करून ठेव. आपले आणि त्यांचे केंद्र एकाच शाळेत आहे. जाताना आपण दोघी ताट घेऊन त्यांच्या दारात जाऊ, आणि त्या येत असतील तर त्यांना बरोबर घेऊनच रांगेत उभ्या राहू.

तुमची,
धाकटी